अनुभव धागा: गाडी थांबवून पाहिलेली गाण्याची ठिकाणं

मराठवाड्यातून लांबच्या प्रवासाला निघालं की गाडी देवळापाशी थांबते, नाहीतर धाब्यावर. एखाद्या गायकाच्या, वादकाच्या नावाच्या संग्रहालयापाशी किंवा समाधीपाशी कुणी थांबलंय का? थांबला असाल तर सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

इंदूरजवळ महूच्या रस्त्याला पिगडंबर गाव आहे. ओंकारेश्वरहून येताना मुद्दाम वाट वाकडी करून आईला तिथं नेलं. सुमन चौरसिया यांनी जमवलेल्या हजारो तबकड्यांचं हे संग्रहालय लता मंगेशकरांच्या नावानं आहे. दीदींचा जन्मही इंदूरचाच, १९२९चा. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची असते. हातात घेतली की वजन जाणवतं, आणि पडली तर तुकडेच. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, तेवढ्यातच सगळं गाणं बसवायचं! बोलता बोलता ‘महल’ चित्रपटाचा विषय निघाला. १९४९ साली ‘आएगा आनेवाला’ची तबकडी आली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. हा आवाज कुणाचा, असं श्रोत्यांनी रेडिओला विचारलं तेव्हा कुठं खरं नाव कळलं. दारावर जिच्या नावाची पाटी, तिचंच नाव एकेकाळी तबकडीवर नव्हतं, हे आईच्या मनाला फार लागलं. गाडीत बसल्यावरही ती तेच बोलत होती.

— गोदाकाठ, संभाजीनगर

मी लिहितोय ते संग्रहालय नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हापासून आमच्या घरात मिरजेचं नाव मायेनं घेतात. कोल्हापूरला जाताना म्हणूनच तिथं थांबलो. मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ साली पाँडिचेरीला निघालेले खाँसाहेब वाटेत एका रेल्वे स्टेशनवरच गेले. दफन मिरजेत झालं. डोकं टेकवून तंतुवाद्यांच्या दुकानांकडं वळलो. हत्यारं घडवणारी शिकलगार घराणी तंबोरे करायला लागली, त्यांची ही परंपरा. एक कारागीर जवारी काढत, म्हणजे तारेचा झंकार खुलवत, बसले होते. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कानशीनं किंचित घासायची, तार छेडायची, ऐकायची, पुन्हा घासायची. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेला आणि एका नेमक्या जागी आवाज उमलला. आमची मुलगी हलेना! वर भोपळे टांगलेले होते. ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, म्हणजे आपल्या शेजारूनच. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते अगदी योग्य झालं.

— लातूरकर

दिल्लीला गाडीनं जाताना ग्वाल्हेर. सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांच्या वडिलोपार्जित घरात ‘सरोद घर’ आहे, जुनी वाद्यं जवळून बघता येतात. पुढं तानसेनची समाधी. शेजारच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात. आम्ही सगळ्यांनी खाल्ला!

— नांदेडहून एक बासरीवाला

सगळं वाचलं. आता देवगिरीबद्दल लिहितो. सहलीच्या गाड्या दौलताबादला थांबतात, मुलं चाँद मिनार, मेंढा तोफ, अंधारी बघतात आणि वेरूळला पळतात. याच देवगिरीला, तेराव्या शतकात, सिंघण यादवाच्या दरबारी शार्ङ्गदेव हिशेबाचा अधिकारी होता. त्याच्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाला हिंदुस्तानी आणि कर्नाटक दोन्ही पद्धतींचे लोक मानतात. बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक बारीक सूर, पटवण्यासाठी त्यानं दोन वीणा सांगितल्या, प्रत्येकीला बावीस तारा. एक तशीच ठेवायची, दुसरीच्या तारा पायरीपायरीनं उतरवायच्या आणि दोन्ही ताडून ऐकायच्या. संभाजीनगरात नृत्य-संगीत शिकवणारं महागामी गुरुकुल त्याच्या नावानं समारोह करतं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण गडावर फिरताना मला त्याचं नाव कुठं दिसलं नाही. शाळेच्या मुलांना घेऊन गेलो तेव्हा बारादरीत बसवून मीच सांगितलं, मोबाईलवर तंबोरा लावला आणि सगळ्यांकडून सा लावून घेतला. दमलेली पोरं, पण सूर लागला.

पायथ्याशी एक खोली हवी आणि तिच्यात त्या दोन वीणा, हात लावून बघता येतील अशा. लातूरकर, मिरजेच्या त्या कारागिरांना विचाराल का, बावीस तारांची अशी जोडी करून मिळेल का आणि किती खर्च येईल? वर्गणीचं मी बघतो.

— परभणीचा मास्तर