हॉटेलवाल्यांना 'पोट बिघडलंय' सांगून बसले, आता काय करू?

मधली_खिडकी

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. प्रश्न तसा क्षुल्लक आहे, पण डोक्यातून जात नाहीये.

एका अपघाताच्या खटल्यात मी साक्षीदार आहे. त्यासाठी परक्या गावात आठवडाभर मुक्काम. रोज सकाळी जाऊन बाकावर बसायचं, दुपारी कोणीतरी येऊन सांगतं, 'आज नाही, उद्या.' असे तीन उद्या झाले. साक्षीबद्दल कुणाशी बोलायचं नाही अशी वकिलांची ताकीद आहे, त्यामुळे खटल्याचं इथेही याहून जास्त लिहीत नाही.

उतरलेय ते हॉटेल बारा खोल्यांचं. खाली नऊ टेबलांचं जेवणघर, एक वेटर, आणि भिंतीतल्या खिडकीतून कमरेपर्यंत दिसणारा आचारी. पहिल्या रात्री सूप आणि भात मागवला. दोन चमचे गेले, तिसरा घशाशी अडला. दुसऱ्या रात्री तेच. नऊ टेबलांच्या जागेत उष्टं ताट लपवता येत नाही हो, खिडकीशी पोचलं की आचारी आधी ताटाकडे बघतो, मग माझ्याकडे. काल तो हात पुसत बाहेरच आला. "मीठ कमी पडतंय का?"

भला माणूस. काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून मी बोलून गेले, "छे छे, जरा पोट बिघडलंय."

त्याचा चेहराच उतरला. पाच मिनिटांत मालक टेबलाशी हजर. परवा काय खाल्लं, किती वाजता, उलटी झाली का, बाहेर कुठे काही खाल्लं का, सगळं वहीत लिहून घेतलं. आणि खिडकीतून मला दिसलं, सूपचं अख्खं पातेलं मोरीत ओतलं. मी गप्प बसून बघत राहिले.

आता रोज तिथंच जेवायचंय. खरं कारण न सांगता हे खोटं मागे कसं घेऊ?

दुसरी गोष्ट लिहू की नको असं होतंय. ज्याच्यावर खटला आहे त्याची आईही त्याच जेवणघरात येते, दोन टेबलं सोडून बसते. ती ताटात शीत ठेवत नाही. मी बघितलं आहे. तिला कसं जातं आणि मला का जात नाही?

चुलीपुढचा

ताई, एकोणीस वर्षं भटारखान्यात काढली आहेत, म्हणून हक्कानं लिहितो. 'पोट बिघडलंय' हे वाक्य तुम्ही सहज बोललात, पण आमच्या कानाला ते आरोपपत्रासारखं लागतं. पुढ्यात जेवण असताना पाहुणा असं म्हणाला की आमच्या डोक्यात एकच घड्याळ सुरू होतं. काही जंतूंचं विष अर्ध्या तासात त्रास देतं, साल्मोनेलासारखा प्रकार सहा तासांपासून पार सहा दिवसांपर्यंत कधीही उपटू शकतो. म्हणजे रात्रीचं सूप सुटत नाही, परवाचं जेवणही सुटत नाही. मालकानं वेळा विचारल्या त्या यासाठी.

मग आपलीच उलटतपासणी. पातेलं धगीवर साठ अंशांच्या वर होतं का? फ्रीज पाचच्या खाली होता का? शिजवलेलं दोन तासांहून जास्त बाहेर राहिलं का? मोठ्या हॉटेलात हे बघायला वेगळा माणूस असतो. बारा खोल्यांच्या हॉटेलात आचारीच रात्री पडल्या पडल्या आठवत बसतो. मी बसलोय. एकदा तर पाहुण्याला गाडी लागली होती, आणि मी दोन दिवस अंड्यांवर संशय घेत होतो.

तेव्हा आधी त्या माणसाची झोप परत द्या. वेटरमार्फत निरोप पाठवू नका, वाटेत त्याचं काहीतरी तिसरंच होतं. जेवणाची गर्दी ओसरली की खिडकीशी स्वतः जा. "पोट ठीक आहे, मी चुकीचं बोलले, तुमच्या जेवणात काही खोट नाही." एवढं पुरे. कारण कोणी विचारणार नाही. विचारलंच तर "कामाचा ताण आहे, सांगता येत नाही" म्हणा. लॉजिंगच्या हॉटेलात काम केलेल्याला हे वाक्य नवीन नाही. आमच्याकडे उतरणारे निम्मे लोक कुठल्या तरी बाकावर बसूनच आलेले असतात.

आणि अर्धं ताट मागा, ऑर्डर देतानाच. पुष्कळ लोक संकोच करतात, पण भरलेलं ताट परत येण्यापेक्षा अर्धं ताट रिकामं आलेलं आचाऱ्याला केव्हाही बरं. आम्हाला तेवढाच रिपोर्ट मिळतो.

खडूस_आजोबा

दोन चमचे सूपवरून एवढा धागा! खरं बोलून टाका आणि झोपा.

फळा_खडू

आजोबा, तोच तर प्रश्न आहे, खरं बोलायची मुभा नाहीये त्यांना.

मी नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे. न जेवण्याबद्दल वर्गात सांगायचे तेच इथे सांगते. वॉल्टर कॅनन नावाचा अमेरिकन संशोधक, हार्वर्डमधला. क्ष-किरणांचा शोध १८९५चा, आणि दोनच वर्षांत हा विद्यार्थी असताना त्या किरणांखाली मांजरांची पोटं बघत बसला होता. अन्नात क्ष-किरण अडवणारं बिस्मथ मिसळलं की जठराच्या लाटा पडद्यावर दिसायच्या. त्याच्या लक्षात आलं की मांजर घाबरलं, चिडलं, धडपडायला लागलं की त्या लाटा थांबतात. चोंदलेल्या नळासारख्या हळूहळू नाही हं, सरळ थांबतात. अंगावरून हात फिरवून त्याला शांत केलं की परत सुरू. शरीर लढायच्या किंवा पळायच्या तयारीत असतं तेव्हा रक्त स्नायूंकडे वळतं, पचनाचं काम बाजूला पडतं, हे पुढे त्यानंच नीट मांडलं. तुमचा तिसरा चमचा अडतो तो तिथं. रोज सकाळी तुमचं शरीर साक्षीला उभं राहतं आणि दुपारी त्याला परत खाली बसवलं जातं.

त्या बाईंचं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण एक गोष्ट माहीत आहे. ताण ताजा असताना भूक मरते. तोच महिनोन्महिने रेंगाळला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहतं आणि अनेकांची भूक उलट वाढते. तुमचा हा आठवडा आहे. त्यांचा कितवा महिना आहे, किंवा कितवं वर्ष?

एक विचारते, बाकावर बसून कॉफी किती होते?

मधली_खिडकी

चार. मशीन बाकाच्या बरोबर समोर आहे.

फळा_खडू

वाटलंच. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. दुपारी चारची कॉफी रात्री नऊला निम्मी अंगात असते. दुपारनंतरच्या दोन कमी करून बघा. रात्री घन पदार्थ जात नसेल तर नुसतं सूप घोट घोट घ्या, पातळ पदार्थ जठरातून लवकर पुढे सरकतात.

चुलीपुढचा

त्या आईबद्दल लिहायचं राहिलं. एकाच छताखाली आहात हे वकिलांच्या कानावर घाला, लपवण्यासारखं त्यात काही नाही. आणि जेवायला अर्धा तास आधी जा. जेवणघर उघडताना गेलात तर आचारी ताजा असतो, टेबलं रिकामी असतात, भिंतीकडे पाठ करून कोपरा मिळतो.

मधली_खिडकी

वकिलांना फोन केला, त्यांनी फक्त 'बोलू नका, हसूही नका' सांगितलं. हसू कोणाला येतंय.

आज उघडल्या उघडल्या खाली गेले. आधी खिडकीशीच. 'चुलीपुढचा' यांचं वाक्य पाठ करून गेले होते तरी अर्ध्यात विसरले. "पोट बिघडलं नव्हतं, मी उगाच बोलले, माफ करा" असं काहीतरी झालं. आचारी कांदा चिरत होता. सुरी थांबली.

"म्हणजे ते सूप उगाच ओतलं."

म्हटलं, हो.

"चांगलं होतं ते सूप," तो म्हणाला आणि परत चिरायला लागला. रागावला असं वाटलं. मी कोपऱ्यात जाऊन अर्धा भात आणि सूप मागवलं. वेटर घेऊन आला तो मोठा वाडगा, काठोकाठ. मी म्हटलं, अर्धं सांगितलं होतं. तो म्हणाला, "आतून सांगितलंय, कालचं राहिलेलं पण आहे त्यात." मी आठवड्यात पहिल्यांदा हसले. वकिलांची क्षमा मागून.

वाडगा अर्धा संपला. भात जवळजवळ सगळा.

उठताना ती आई आत येत होती. दारात आम्ही दोघी एकदमच थांबलो, मी बाजूला झाले, ती आत गेली. तिनं काही मागवायच्या आधीच वेटरनं तिच्यापुढे ताट ठेवलं. इतके दिवस येतेय ती इथं.

उद्या माझं नाव यादीत दुसरं आहे म्हणे. कॉफी दोनच घेणार आहे.

खडूस_आजोबा

आचाऱ्याला सांगा, सूप मलाही चालेल.