उधळ्या पुत्राचं अर्धवट राहिलेलं भाषण

ताई, तुम्ही म्हणताय की क्षमा मागून झाली तरी जुनं पाप रोज आठवतं आणि प्रार्थनेला बसायचीच लाज वाटते, अगदी सेम माझं. भावाशी एकदा फार वाईट खोटं बोललो होतो, त्याची माफी रोज रात्री दिवा बंद केला की देवाकडे मागायचो, पाच-सहा वर्षं तरी चाललं असेल, आणि त्याला मी नम्रता समजत होतो बरं का!

मग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय परत नीट वाचला. त्यात येशूने सांगितलेली गोष्ट आहे, बापाकडून आपला वाटा घेऊन तो उधळून टाकणाऱ्या आणि कंगाल होऊन परत येणाऱ्या मुलाची. उधळ्या पुत्र घरी निघताना भाषण पाठ करतो, त्यात शेवटी 'मला मोलकऱ्यासारखं ठेवा' असं असतं (वचन १९). पण बापासमोर उभा राहिल्यावर ते वाक्य येतच नाही, बाप मधेच चाकरांना त्याच्यासाठी झगा, अंगठी, जोडे आणायला सांगतो, म्हणजे मुलगा म्हणूनच परत घरात घेतो. मी मात्र झगा अंगावर असूनही तेच वाक्य पुटपुटत बसलेलो.

भावाशी जाऊन बोललो ते वेगळं, ते करायलाच हवं होतं. पण देवाकडे त्याच गोष्टीची फाईल रोज उघडणं बंद केलं. आठवण अजून येते कधीकधी, तेव्हा नुसतं थँक्यू म्हणतो आणि कूस बदलून झोपतो.