राउटर लुकअपमधला टीकॅम एवढी पॉवर नेमकी कुठे खातो?

ऐरोली_एक्सटीसी: नमस्कार, शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट घेतलाय राउटरचा अॅड्रेस लुकअप (पॅकेट कुठे पाठवायचं ते टेबलात शोधणं) कमी पॉवरमध्ये करायचा. टीकॅम, म्हणजे सगळ्या ओळी एकदम तपासणारी शोध-मेमरी, एका फटक्यात उत्तर देतो हे कळलं, पण पॉवर कुठे जाते ते कळत नाहीये. आणि मग एसरॅम, म्हणजे साधी वेगवान मेमरी, का नको?

रबाळे_नाइटशिफ्ट: साध्या मेमरीला तू पत्ता देतोस, ती डेटा देते. टीकॅमला डेटा द्यायचा आणि तो कुठल्या ओळीत बसतो ते विचारायचं, म्हणून दर सर्चला झाडून सगळ्या ओळींच्या मॅचलाइन (ओळ जुळली का ते सांगणाऱ्या तारा) चार्ज होतात आणि जुळल्या नाहीत त्या सगळ्या डिस्चार्ज होतात, म्हणजे लाख ओळींतल्या दोनचार कामाच्या आणि बाकीच्यांचा करंट फुकट. त्यात ०, १ आणि 'काहीही चालेल' असं तिन्ही ठेवायचं म्हणून एका सेलला साधारण १६ ट्रान्झिस्टर, एसरॅमला ६. मी डेटा सेंटरमध्ये आहे, राउटरच्या मागे हात धरला की ही गरम हवा हाताला लागते.

एसरॅममध्ये ट्राय (पत्त्याच्या बिटांनुसार फाटे फुटणारं झाड, एकेक पायरी वाचत उतरायचं) करता येतो, करतातही. पण १०० जीवर (सेकंदाला १०० गिगाबिटची लिंक) सगळी ६४ बाइटची पॅकेट आली तर एकाला ६.७ नॅनोसेकंदच मिळतात, तेवढ्यात एकामागून एक चारपाच वाचनं नाही होत, पाइपलाइन (एक पॅकेट पुढच्या पायरीला गेलं की मागे दुसरं घेणं) करावीच लागते.

ऐरोली_एक्सटीसी: धन्यवाद दादा! मग पत्त्याच्या पहिल्या ३ बिटांवरून टीकॅमचे ८ भाग, म्हणजे ८ बँका केल्या आणि एकच चालू ठेवली तर?

कोपरखैरणे_व्हीएलएसआय: दिशा एकदम बरोबर आहे रे, पण पहिले ३ बिट नको घेऊस. १११ म्हणजे २२४ ते २५५, तिथे मल्टिकास्ट (एकदम अनेकांना पाठवायचे) आणि राखीव पत्ते, तुझी एक बँक रिकामीच पडेल आणि बाकीच्या फुगतील. सगळ्यात वाईट वेळची पॉवर सगळ्यात मोठी बँक ठरवते, त्यामुळे टेबल सारखं वाटलं जाईल असे बिट पहिल्या १६ मधून शोध, खरी मेहनत तिथेच आहे. निवडलेल्या बिटांपर्यंत न पोचणारे छोटे प्रीफिक्स (टेबलात ठेवलेले पत्त्यांचे सुरुवातीचे बिट) वेगळ्या छोट्या बँकेत टाक, ती कायम चालू.

आणि वाढीला जागा ठेव. २०१४ च्या ऑगस्टमध्ये इंटरनेटचं राउटिंग टेबल ५१२ हजार ओळींपुढे गेलं तेव्हा बऱ्याच जुन्या राउटरांचा टीकॅम भरला होता.

ऐरोली_एक्सटीसी: ताई हे १११ चं डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्रीच खरं बीजीपी टेबल (इंटरनेटचे राउटर एकमेकांना सांगतात त्या मार्गांची यादी) उतरवतो आणि कुठल्या बिटांवर कसं वाटलं जातं ते मोजून इथे टाकतो.