'फ्रस्ट्रेशन' म्हणजे नैराश्य की वैताग?

प्रश्न : पास्कुआ-लामा या सोन्याच्या खाणीविषयीच्या लेखाचा अनुवाद करताना 'फ्रस्ट्रेशन' या शब्दापाशी अडलो आहे. कोशात 'नैराश्य' आणि 'वैफल्य' हे पर्याय मिळतात. खाणीचा आराखडा पुनःपुन्हा बदलल्याने भागधारकांची जी अवस्था झाली, तिला यांपैकी कोणता शब्द शोभेल?

उत्तर : माझ्या मते दोन्ही नाहीत. नैराश्य आलेला माणूस गप्प बसतो. हे भागधारक न्यायालयात गेले. चिली आणि अर्जेंटिना यांच्या सीमेवर, अँडीज पर्वतात 4,000 मीटरहून अधिक उंचीवर असलेल्या या खाणीचे बांधकाम बॅरिक गोल्ड या कॅनडाच्या खाण कंपनीने 2009 मध्ये हाती घ्यायचे ठरवले, तेव्हा खर्च सुमारे 3 अब्ज डॉलर आणि उत्पादनाचा मुहूर्त 2013 च्या आरंभीचा सांगितला होता. 2012 संपता संपता खर्च 8 ते 8.5 अब्जांवर गेला आणि मुहूर्त 2014 वर ढकलला गेला; पुढे मे 2013 मध्ये चिलीच्या पर्यावरण नियामकाने काम थांबवून सुमारे 1.6 कोटी डॉलरचा दंड ठोठावला, आणि ऑक्टोबरात कंपनीने स्वतःच बांधकाम स्थगित केले.

मुहूर्त टळला, तो 'अपेक्षाभंग'. तो वारंवार टळू लागला, की उरतो तो 'वैताग'. त्यात आशा पुरती मेलेली नसते आणि जाब विचारण्याची धमकही शाबूत असते. हा शब्द बोलीतला वाटतो म्हणून अनुवादक बिचकतात, पण अर्थ नेमका बसत असेल तर बिचकू नये. 'भ्रमनिरास' मात्र जपून वापरावा, कारण त्यात आपल्याला सांगितले गेले तेच खरे नव्हते, असा आरोप दडलेला असतो. भागधारकांचा न्यूयॉर्कमधील दावा 2016 मध्ये 14 कोटी डॉलरवर मिटला. तडजोड म्हणजे कबुली नव्हे, त्यामुळे 'भ्रमनिरास' हा शब्द दावेदारांच्याच तोंडी घालावा.

2013 नंतरच्या काळासाठी 'भिजत घोंगडे' हाच शब्दप्रयोग मला सुचतो. भिजलेले घोंगडे पाणी पिऊन इतके जड होते की उचलवत नाही आणि लवकर वाळतही नाही; खाणही तशीच ना बंद, ना चालू राहिली. मध्येच भूमिगत खाणीचा पर्याय पुढे आला. 2018 मध्ये सुमारे 1.4 कोटी औंस सोने 'साठा' या वर्गातून काढून 'संसाधन' या खालच्या वर्गात टाकले गेले. आपल्याकडे दोन्हींना सर्रास 'साठे' म्हणतात, तसे इथे केल्यास वाक्याचा अर्थच हरवेल, कारण डोंगरातले सोने गुंजभरही हलले नव्हते. ते किफायतशीरपणे काढता येईल हा दावा तेवढा मागे घेतला होता.

पुरवणी : वरील उत्तर पटते. एक भर घालतो. 'स्टेकहोल्डर' (ज्याचे हित गुंतले आहे असा कोणीही) या शब्दासाठीही काही जण 'भागधारक' लिहितात, ते इथे अंगाशी येईल. खाणीखालच्या वास्को खोऱ्यातील शेतकऱ्यांना हिमनद्यांची आणि पाण्याची काळजी होती. 2020 मध्ये चिलीच्या पर्यावरण न्यायाधिकरणाने खाण बंद करण्याचा आदेश कायम ठेवला, तेव्हा विरोध करणाऱ्यांना तो विजय वाटला. त्यांना 'हितसंबंधी' म्हणावे, नाहीतर एकाच परिच्छेदात भागधारक वैतागलेलेही दिसतील आणि आनंदलेलेही.