मुलाचा भित्रा स्वभाव बदलतो का?

साखळीची आई:
यंदा गावच्या जत्रेतल्या नाटकात माझ्या ११ वर्षांच्या मुलाला ध्रुवबाळाचं काम मिळालं होतं. तालमीत सगळं चोख. पण दर्शनी पडदा वर गेला, समोर देवळाचं पटांगण माणसांनी भरलेलं दिसलं आणि त्याची वाचाच बसली. आतून दोनदा शब्द दिले तरी ओठ हलेनात. शेवटी मीच विंगेतून जाऊन त्याला हाताला धरून आणलं. तेव्हापासून घरात एकच ऐकू येतं, ‘मामावर गेलाय, जन्माचा भित्रा.’ तोही ते ऐकतो. बी.ए.ला मानसशास्त्र होतं, त्यातला वॉटसन आठवतो: डझनभर निरोगी बाळं द्या, हवं ते घडवून दाखवतो. खरं काय? स्वभाव जन्मतःच ठरतो का?

म्हापशाहून:
थोडाफार ठरतो. मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी ४ महिन्यांच्या बाळांना नवनव्या वस्तू दाखवल्या, तर साधारण पाचातलं एक हातपाय झाडून रडायचं. अशी मुलं पुढे बुजरी होण्याचा संभव जास्त. पण त्यांतली बरीच मोठेपणी तशी राहिली नाहीत.

निवृत्त मास्तर, फोंडा:
बाय, वॉटसनचं ते बोलणं सोडून दे. त्यानेच १९२० मध्ये ११ महिन्यांच्या अल्बर्टला पांढरा उंदीर दाखवताना मागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणून भीती शिकवली, आणि ती काढलीच नाही. मला त्याचा अजून राग येतो.

त्यापेक्षा मेरी कव्हर जोन्स वाच, १९२४. तीन वर्षांचाही न झालेला पीटर सशाला घाबरायचा. तिने त्याला आवडीचा खाऊ दिला आणि सशाचा पिंजरा लांब ठेवला. दर खेपेला थोडा जवळ. न घाबरणारी मुलंही सोबतीला आणली. शेवटी ससा बोटं कुरतडू लागला तरी पीटर बसून राहिला.

मी ३० वर्षं शाळेची नाटकं बसवली ती याच बेताने. घाबरणारं पोर पहिल्या वर्षी भालदार, एकही वाक्य नाही. दुसऱ्या वर्षी ‘महाराजांचा विजय असो’, तेही सगळ्यांच्या सुरात. तालीम आधी रिकाम्या मंडपात, मग चार आया बसवून, मग वीसेक माणसं. पहिल्याच वर्षी ध्रुव देणं म्हणजे ससा थेट मांडीवर ठेवणं.

आणि आपला गोव्यातल्या कांदोळीचा पाद्री आबे फारिया विसरू नकोस. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन करताना त्याचीही वाचा बसली. तेव्हा बापाने खालून हळूच कोंकणीत म्हटलं, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’, म्हणजे समोरची माणसं नुसती भाजी समज, आणि तो बोलू लागला, असं आपल्याकडे सांगतात. याच फारियाने पुढे पॅरिसमध्ये, माणसावर एका अदृश्य चुंबकी द्रवाचा परिणाम होतो हा मेस्मर नावाच्या वैद्याचा दावा खोडून काढला. संमोहनाची झोप त्या माणसाच्या स्वतःच्या मनातून येते, समोरचा फक्त शब्द देतो, हे त्याचं म्हणणं १८१९च्या पुस्तकात आहे. ‘जन्माचा भित्रा’ हेही दिलेले शब्दच. ते घरात आजपासून बंद कर. मोठ्या माणसांनाही सांग.

साखळीची आई:
मास्तर, संध्याकाळी देवळात कोणी नव्हतं. त्याला घेऊन गेले, पायरीवर बसले. माझ्याकडे न बघता त्याने दोन वाक्यं म्हटली. उद्या मावशीला नेऊ का?

निवृत्त मास्तर, फोंडा:
अजून दोन दिवस तू एकटीच जा. मग मावशी.