मदत हवी आहे : आवाज न करणारा गेमिंग कॉम्प्युटर जोडायचा आहे, पार्ट कोणते घेऊ?

घाटंजीकर
नमस्कार. पहिल्यांदाच स्वतः कॉम्प्युटर असेंबल करून राहिलो. यादी अशी काढली आहे : रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची एनव्हीएमई डिस्क, ६५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), आणि कॅबिनेट समोरून काचेचं, सहा आरजीबी (रंगीत दिव्यांचे) पंखेवालं. अट एकच, आवाज अजिबात नको. कूलर कोणता घ्यावा तेवढंच समजून नाही राहिलं. शनिवारी मित्र नागपूरला चालला, त्याच्याजवळ चिठ्ठी द्यायची आहे. लवकर सांगा. जुने धागे देऊ नका, सगळे वाचून झाले.

संत्र्याची बाग, वरुड
कूलरचा आवाज पंख्याचा कमी आणि पत्र्याचा जास्त असतो. आमच्याकडे तीन कूलर आहेत म्हणून अनुभवाने सांगतो. चारही पायांखाली जुन्या ट्यूबचे रबराचे तुकडे ठेवा, मोटरच्या नट-बोल्टलासुद्धा रबराचे वॉशर टाका. ताट्या दर साल बदला, वाळ्याच्या घ्या. पाणी खारं असेल तर जाळीवर थर बसतो आणि मोटरवर लोड येतो.

घाटंजीकर
दादा, खोलीतला कूलर नाही, प्रोसेसरवरचा.

खटपट्या
आधी हे सांगा : बजेट किती? मॉनिटर आहे का, असेल तर किती हर्ट्झचा? गेम कोणते? कॉम्प्युटर ठेवणार कुठे, खाली की टेबलावर? खोली केवढी? हे माहीत नसताना कूलर सांगणं म्हणजे माप न घेता कपडा फाडणं.

घाटंजीकर
७५ हजार. मॉनिटर आहे, फुल एचडी, ७५ हर्ट्झ. व्हॅलोरंट आणि जीटीए ५. खोली खोलीसारखीच आहे, त्याचा काय संबंध?

भोसरीहून
माझ्या मते लॅपटॉप घ्या. लाईन गेली तरी चालतो, कुठेही नेता येतो, पार्ट जोडायची कटकट नाही.

खटपट्या
आवाज नको म्हणणाऱ्याला गेमिंग लॅपटॉप? त्यातले दोन छोटे पंखे गेम लावला की भिंगरीसारखे फिरतात. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त फेरे मारावे लागतात, म्हणून आवाज. १४० मिलिमीटरचा पंखा तेच काम सावकाश करतो.

घाटंजीकर, यादीतलं सगळ्यात चुकीचं कॅबिनेट आहे. समोर काच म्हणजे हवेला वाटच नाही. आणि स्वस्त कॅबिनेटसोबत येणारे सहा पंखे बहुतेक वेळा थेट एसएमपीएसच्या मोलेक्स वायरवर (नुसती वीज देणाऱ्या) चालतात. ते कायम एकाच वेगाने फिरतात, तुम्ही बोर्डातून कमी करू शकत नाही. सहा पंख्यांऐवजी तीन घ्या, पण चार पिनवाले. चौथ्या पिनवरून बोर्ड वेग सांगतो. पंख्याचा वेग अर्धा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. हा फरक कुठलंही महागडं कूलर देत नाही.

कूलर : डीपकूल एके४०० पुरे. ५६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर आहे. कूलरची उंची १५५ मिलिमीटर आहे, कॅबिनेटमध्ये तेवढी जागा आहे का ते आधी पाहा.

सदाशिव पेठ ते सिव्हिल लाइन्स
मी वेगळं सांगेन. आवाज नको तर बंद कॅबिनेट घ्या, आतून फोम लावलेलं. फ्रॅक्टल डिझाइन कंपनीचं 'डिफाइन' मॉडेल. सोबत नॉक्टुआचे पंखे. मी चार वर्षं वापरतोय, चालू आहे की बंद ते दिवा पाहून कळतं.

चांदा ते बांदा
साहेब, तुमची खोली एसीवाली असेल. मी वरोऱ्याजवळ राहतो. साधा हिशोब बघा. खोलीतल्या हवेपेक्षा ग्राफिक्स कार्ड समजा ४५ अंशांनी जास्त तापतं. खोली २५ वर असेल तर कार्ड ७० वर. आमच्याकडे मे महिन्यात कूलर लावूनही दुपारी खोली ३८-४० ला असते, मग तेच कार्ड त्याच वेगात ८५ वर. कार्ड ते सहन करत नाही, पंखे पूर्ण वेगाने सोडतं. २३ मे २०१३ ला नागपूरला ४७.९ नोंदलं गेलं होतं. त्या हवेत फोमचं कॅबिनेट म्हणजे मे महिन्यात गोधडी पांघरून झोपणं. इथे जाळीचं कॅबिनेटच शांत राहतं, कारण पंख्यांना पळावं लागत नाही.

सदाशिव पेठ ते सिव्हिल लाइन्स
वर्षातले दोन महिने सोडा ना. उरलेले दहा महिने तो आवाज का ऐकायचा?

चांदा ते बांदा
दोन? मार्चपासून जूनचा पाऊस येईपर्यंत मोजा. त्यानंतर दमट. जाळीतून आवाज बाहेर येतो हे मान्य, पण आवाज तयारच कमी होत असेल तर येणार काय?

पांढरं सोनं
भौ, विषय निघालाच तर सांगतो, आमच्या इकडं यंदा कापसाले काय भाव देऊन राहिले व्यापारी, कोणी सांगन काय? घरात भरून ठेवला हाय, इकावं का थांबावं समजून नाई राहिलं मले.

खटपट्या
दादा, शेतीच्या धाग्यावर विचारा, इथे दबून जाईल.

रिटायर्ड वायरमन
सगळे पंख्यांवर भांडून राहिले, लाईनचं कोणी विचारलं नाही. घाटंजीकर, गावात व्होल्टेज किती येतं? अर्थिंग आहे का? यूपीएस घेता का? इन्व्हर्टर आहे का, असेल तर साइन वेव्ह (लाईनसारखी वीज देणारा) की स्क्वेअर (तुटक वीज देणारा)?

घाटंजीकर
काका, काट्याचा मीटर लावला तर संध्याकाळी १७०-१८०. मोटारी सुरू झाल्या की आणखी खाली. इन्व्हर्टर आहे, जुना, पंख्याला लावला की घुं घुं करतो. अर्थिंगचं माहीत नाही. जुन्या कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात.

रिटायर्ड वायरमन
झिणझिण्या येतात म्हणजे अर्थिंग नाही. ते आधी. अंगणात खड्डा, त्यात मीठ-कोळसा, उन्हाळ्यात दर आठवड्याला पाणी. तिसऱ्या पिनची वायर तिथवर नीट पोचली पाहिजे. आणि स्टॅबिलायझर घ्याच.

खटपट्या
काका, अर्थिंगबद्दल शंभर टक्के तुमचंच खरं. पण स्टॅबिलायझरचे पैसे वाचतील. एसएमपीएस घेताना खोक्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलेला घ्या, २००-२४० वाला नको. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा (वीज नीट ओढणारं सर्किट असलेला) फुल रेंज, म्हणजे कमी-जास्त व्होल्टेज सांभाळणारा एसएमपीएस १७० वर सुरळीत चालतो. स्टॅबिलायझर रिले पडून रात्रभर टक टक करतो, आणि याला आवाज नको आहे.

रिटायर्ड वायरमन
चालत असेल. पण लाईन जाते आणि येते तेव्हा जो झटका येतो तो कोण खाणार?

खटपट्या
त्यासाठी यूपीएस. १००० व्हीएचा, म्हणजे साधारण ६०० वॅटचा, साइन वेव्ह. ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच्या आसपास देतो, या मशिनला तो काठावर पडेल. आणि घुं घुं करणारा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा दिसतो, त्यावर हे मशिन लावू नका.

भोसरीहून
प्लेस्टेशन ५ चा विचार केला का?

वर्धेचा मास्तर
घाटंजीकर, एक विचारू? आवाज एवढा का नको? हेडफोन लावल्यावर आपल्याला पंखा ऐकूच येत नाही. दुसऱ्याला त्रास होतो म्हणून असेल तर खोलीत कोण असतं ते सांगा, उत्तर त्यावर ठरेल.

घाटंजीकर
सांगतो. बाबांसाठी.

शेतीची लाईन आठवड्यातले काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. सध्या हरभऱ्याला पाणी देणं चालू आहे. रात्रपाळी असली की बाबा अकराला जातात आणि पहाटे येतात. पाय चिखलाने बधिर झालेले असतात, चुलीजवळ शेकतात आणि सकाळी आठला झोपतात ते दुपारी दोनपर्यंत. घरात पक्क्या खोल्या दोनच. एकीत आई आणि चूल, दुसरीत बाबा आणि मी. माझं सेतू केंद्रातलं काम दुपारी तीननंतर असतं, म्हणून मोकळा वेळ नेमका त्यांच्या झोपेचा. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा सुरू झाला की ते कूस बदलतात. काही म्हणत नाहीत, पण कूस बदलतात. म्हणून मी तो दिवसा लावणंच सोडलं.

आणि खोलीचं विचारलं होतं. त्याच खोलीत कापूस आहे. भिंतीला लागून अर्ध्या उंचीपर्यंत. भाव पाहून विकू म्हणून ठेवला आहे.

खटपट्या
कापूस!! भाऊ, हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं.

पांढरं सोनं
म्या म्हटलं नव्हतं काय, सगळ्यायच्या घरी हाय.

चांदा ते बांदा
आता उत्तर बदललं. कापसाचे तंतू जाळीवर नमद्यासारखे बसतात. माझा चुलतभाऊ कापसाच्या खोलीत कॉम्प्युटर ठेवायचा. दोन महिन्यांनी जाळी काढली तर पूर्ण तुकडा हातात आला, कागद सोलतात तसा. आत पंखे जिवाच्या आकांताने फिरत होते. एसएमपीएसचा पंखा खालून हवा ओढतो, म्हणून मशिन जमिनीवर ठेवू नका. टेबलावर, कापसापासून लांब, खिडकीच्या बाजूला.

समोरून दोन पंखे हवा आत ढकलणारे, मागे एकच बाहेर टाकणारा. आत दाब थोडा जास्त राहिला की धूळ फटीतून ओढली जात नाही, फक्त जाळीतून येते. जाळी दर रविवारी झटका. मोठ्या सफाईसाठी ब्रश वापरा आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारू नका, त्याच्या कॉम्प्रेसरमधून पाणी आणि तेल दोन्ही येतं.

रिटायर्ड वायरमन
आवाजाचं नंतर. आगीचं पहिलं. कापसाला ठिणगी पुरते. एक्स्टेंशनचा ढिला सॉकेट, जळका वास येणारा पिन-टॉप, असलं काही त्या खोलीत चालू ठेवू नका. मशिनसाठी भिंतीत वेगळा १६ अँपिअरचा सॉकेट, त्याला वेगळा एमसीबी (जादा लोड आला की आपोआप पडणारा स्विच). काम संपलं की मेन बटन बंद. मी नोकरीत असताना कापसाची जळालेली खोली पाहिली आहे, वरून विझली आणि आत दोन दिवस धुमसत होती. सांगतो ते पाळा.

घाटंजीकर
पाळतो काका. बाबांशी बोललो. निम्मा कापूस सोमवारी गाडीत जाईल, उरलेला ओसरीकडच्या कोठीत हलवून राहिलो. तोवर मशिन खोक्यातच राहील.

सदाशिव पेठ ते सिव्हिल लाइन्स
तुमच्या खोलीसाठी जाळीचंच कॅबिनेट योग्य आहे. मी माझ्या घरचं सांगत होतो, तुमचं घर वेगळं आहे. एक भर घालतो : ४०६० ११५ वॅटचं कार्ड आहे, ते बदलू नका. आरएक्स ६६०० स्वस्त मिळेल पण १३२ वॅट खातं. वॅट कमी म्हणजे उष्णता कमी म्हणजे फेरे कमी. दोन पंख्यांचं घ्या, हलकं काम असताना त्याचे पंखे पूर्ण थांबतात.

खटपट्या
आणि फ्रेम बांधा, म्हणजे कार्डाने सेकंदाला किती चित्रं काढायची त्याला मर्यादा घाला. मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे, कार्डाने २०० फ्रेम काढून कोणाला दिसणार? ७५ वर बांधलं की कार्ड अर्ध्या कामात मोकळं. रॅम १६ ची एक पट्टी नको, ८-८ च्या दोन घ्या. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले आहेत, म्हणून मित्राला सांगा, आधी रॅमचा दर विचार आणि मग बाकीचं. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, मॉनिटरची वायर बोर्डाला लावाल तर काळा पडदा दिसेल. ती कार्डालाच लावा. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (सुरक्षेच्या दोन सोयी) चालू लागतं, तेही बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पाहून घ्या. कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढायला विसरू नका.

घाटंजीकर
चिठ्ठी पक्की : ५६००, बी५५०, ८+८, ४०६० दोन पंखी, एनव्हीएमई, ५५० वॅटचा फुल रेंज एसएमपीएस, जाळीचं कॅबिनेट, चार पिनी १४० चे दोन आणि १२० चा एक, एके४००, १००० व्हीएचा यूपीएस. बजेटच्या वर जाऊन राहिलं, यूपीएस पुढच्या पगारात. तोवर रात्रपाळीच्या दिवशीच लावीन, लाईन टिकते तेव्हा.

घाटंजीकर (अकरा दिवसांनी)
कापूस हलवला, अर्थिंग झालं, झिणझिण्या गेल्या. मशिन जोडून झालं. पहिल्या वेळी चालूच झालं नाही, प्रोसेसरला वीज देणारी वरच्या कोपऱ्यातली वायर लावायची राहिली होती. पंखे ऐकू येत नाहीत. पण गेम सुरू केला की बारीक शीळ येते, पंख्याची नाही. आणि टेबलावर हात ठेवला की थरथर लागते.

खटपट्या
शीळ कार्डाच्या कॉइलची (तारेच्या वेटोळ्याची). फ्रेम बांधल्या का?

संत्र्याची बाग, वरुड
थरथरीवर मी पहिल्याच दिवशी सांगितलं आहे. पायांखाली ट्यूबचे रबर.

घाटंजीकर
फ्रेम ७५ वर बांधल्या, शीळ नाहीशी झाली. दादा, ट्यूब कापून चार तुकडे ठेवले, टेबल गप्प झालं. तुमचं उत्तर मी तेव्हा नीट वाचलंच नव्हतं, माफ करा.

आज सकाळी बाबा पाणी देऊन आले, नऊला झोपले. मी साडेनऊला मशिन लावलं आणि दीड तास खेळलो. ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते, तसेच होते. दोनला उठले आणि विचारलं, "आज लावला नाही काय रे?"