गुडघ्याखालचा कृत्रिम पाय आणि भातशेती

खानापूरच्या तुमच्या काकांचा पाय गुडघ्याखाली कापलाय, पुन्हा खाचरात उतरता येईल का, असं तुम्ही विचारलंय. गुडघा शाबूत आहे, ही फार मोठी गोष्ट. १९६८ च्या सुमारास घडलेला रबरी जयपूर फूट हा कृत्रिम पाय आपल्याच लोकांसाठी आहे: उकिडवं बसता येतं, अनवाणी चिखलात चालता येतं.

पण आत्ता खुंटाकडे, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाकडे बघा! गुडघ्याखाली उशी नको. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडला तर पाय बसवणं अवघड. पहिले काही महिने खुंट आकसतो, सॉकेट (कृत्रिम पायातली खुंट बसवायची खोबण) सैल होऊन घासतं. ते बदलून घ्यावंच लागतं. मधुमेह असेल तर रोज आरशात खुंट तपासायचा. आणि यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज लगेच भरा. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नाच्या अटीवर पाय मोफत मिळू शकतो.